‘वाचकांची मागणी नाही’ म्हणून परत आलेल्या ३१ पुस्तकांबद्दल

प्रति,
अध्यक्ष, कार्यवाह, ग्रंथपाल आणि कार्यकारी मंडळ,
आमच्या तालुक्याच्या गावचं सार्वजनिक वाचनालय
(आणि महाराष्ट्रातल्या ज्या ज्या वाचनालयाला हे लागू पडेल त्या सगळ्यांना)

सप्रेम नमस्कार,

जूनमध्ये मी गावी आले होते तेव्हा एक पेटी तुमच्याकडे ठेवून गेले होते, आठवत असेल. ३१ पुस्तकं होती, प्रत्येकाला नवीन कव्हर घातलेलं, वर यादी लावलेली. सगळ्या प्रेमकथा, बहुतेक कादंबऱ्या, थोडी नाटकं, थोड्या कथा, काही मराठी आणि काही इंग्लिश, आणि सगळ्यांमध्ये प्रेम दोन पुरुषांचं किंवा दोन बायकांचं. ऑगस्टमध्ये पेटी आईच्या घरी परत आली आणि सोबत तुमचं पत्र, की सदर विषयाच्या पुस्तकांना वाचकांची मागणी नसल्याने देणगी स्वीकारता येत नाही. मग मी फोन केला तर मंडळातले एक काका खूप प्रेमानं बोलले, म्हणाले ताई पुस्तकं चांगलीच असणार हो, तू काय वाईट देणार आहेस का, पण आपल्याकडे लहान मुलं येतात, कॉलेजच्या मुली येतात.

त्या फोनपासून हे पत्र डोक्यात आहे. रागानं लिहीत नाहीये, तुमच्या वाचनालयानं मला वाढवलंय. बालविभागाची सभासद होते तेव्हापासून तुमचा तो लोखंडी जिना, पेपरच्या टेबलावरचा डिंकाचा वास, सगळं अंगात आहे माझ्या. म्हणूनच सांगायचंय की मागणी होती. १९९६ साली होती. तुमच्या देवघेवीच्या रजिस्टरमध्ये ती कधी आली नाही, एवढंच.

अकरावीत होते मी. पावसाळा, कॉलेज दुपारी सुटायचं आणि मी घरी न जाता वाचनालयात यायची. नाटकांचं रॅक सगळ्यात मागे होतं आणि त्यातही खालचा कप्पा म्हणजे खाली बसल्याशिवाय दिसायचाच नाही. तिथे मला तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ सापडलं. नाव बघून वाटलं दोन मित्रांची काहीतरी गोष्ट असेल, म्हणून उघडलं. तर त्यात सुमित्रा देव, बिनधास्त मुलगी, आणि तिचं प्रेम नमावर. एका मुलीचं दुसऱ्या मुलीवर. मला आठवतंय माझे कान गरम झाले होते आणि मी मान वर करून बघितलं की कोणी माझ्याकडे बघतंय का. तीन दुपारी मी ते नाटक तिथेच फरशीवर बसून वाचलं. घरी नेलं नाही. का नाही नेलं, तर रजिस्टरमध्ये नाव लिहिलं जायचं, आणि आपले तेव्हाचे ग्रंथपाल काका आणि माझे बाबा संध्याकाळी एकत्र फिरायला जायचे आणि काका कौतुकानं सांगायचे, आज तुमच्या लेकीनं अमुक नेलं, तमुक नेलं, काय वाचते पोरगी. काकांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मला माहीत होतं की हे पुस्तक जर मी काउंटरवर ठेवलं तर संध्याकाळी ते बाबांच्या कानावर जाणार. म्हणून तिसऱ्या दिवशी वाचून झाल्यावर मी ते उलटं ठेवलं, नाव आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या कोणी उचलू नये आणि मला पुन्हा वाचायला मिळावं.

आता तुम्हीच सांगा, त्या पुस्तकाच्या मागच्या चिठ्ठीवर तारीख किती वेळा पडली असेल? आणि ते किती जणांनी वाचलं असेल? हे दोन वेगवेगळे आकडे आहेत. ज्या मुलाला किंवा मुलीला हे पुस्तक सगळ्यात जास्त हवंय तेच मूल ते स्वतःच्या नावावर कधीच नेणार नाही, निदान आपल्यासारख्या गावात, जिथे काउंटरवरचा माणूस आपल्या काकांचा वर्गमित्र असतो.

पण ‘मित्राची गोष्ट’बद्दल अजून एक सांगायचंय. ते मोठं नाटक आहे, १९८१ साली विनय आपट्यांनी रंगमंचावर आणलं, रोहिणी हट्टंगडींनी सुमित्रा केली, त्या काळात हे मराठी रंगभूमीवर आलं याचा मला आजही अभिमान वाटतो. पण शेवटी मित्रा, म्हणजे सुमित्रा, मरते. स्वतःहून मरते. आणि मी सोळा वर्षांची, माझ्यासारख्या मुलीबद्दलचं आयुष्यातलं पहिलं पुस्तक वाचतेय, तर त्या मुलीचा शेवट हा. दुसरं पुस्तक नव्हतंच ना तुमच्याकडे. एकच होतं. एकच गोष्ट असली की ती गोष्ट राहत नाही, ती भविष्य वाटायला लागते. नंतर टीव्हीवर ‘उंबरठा’ बघितला, १९८२ चा, स्मिता पाटीलचा, माझा अतिशय आवडता सिनेमा, त्यात आश्रमातल्या दोन बायकांचं नातं येतं पण थोडंच, आणि तेही आश्रमापुढचा एक प्रॉब्लेम म्हणून. म्हणजे एक मेली आणि दोघी प्रॉब्लेम. अठराव्या वर्षापर्यंत माझ्याकडे एवढंच भांडवल होतं.

मग डिसेंबर १९९८. मी पुण्यात हॉस्टेलवर. ‘फायर’, दोन जावांच्या प्रेमाचा सिनेमा, रिलीज झालेला आणि मुंबईत थिएटर फोडली, पोस्टर जाळली, सिनेमा परत सेन्सॉरकडे पाठवला. हॉस्टेलच्या मेसमध्ये सगळ्या मुली त्यावरच बोलत होत्या, कोणी शी म्हणत होतं, कोणी म्हणत होतं अगं बघायला पाहिजे, आणि मी मान खाली घालून भात कालवत होते. त्याच दिवसांत दिल्लीत रीगल थिएटरबाहेर बायका निषेधाला उभ्या राहिल्या होत्या आणि त्यात एकीच्या हातात फलक होता, ‘भारतीय आणि लेस्बियन’, इंग्लिशमध्ये. तो फोटो मी खूप नंतर पाहिला. तेव्हा पाहिला असता तर काय झालं असतं माहीत नाही. सिनेमा मी २००३ मध्ये व्हीसीडीवर बघितला, रूमचं दार लावून, आवाज बंद करून, नुसती सबटायटल वाचत. शबाना आझमीची राधा आणि नंदिता दासची सीता. शेवटी राधाच्या साडीला आग लागते आणि मला वाटलं झालं, ही पण मेली. नाही मरत! दर्ग्यात दोघी भेटतात, पाऊस पडत असतो. मी ते शेवटचं दृश्य रिवाइंड करून करून बघितलं, कितीदा ते मोजलं नाही. सिनेमा म्हणून त्यात कच्चे धागे आहेत, नवरे जरा जास्तच साच्यातले आहेत, पण दोघी जिवंत आहेत आणि एकत्र आहेत, माझ्यासाठी त्या रात्री तेवढं पुरेसं होतं.

अश्लीलतेची भीती असेल मंडळाला, तर इस्मत चुगताईंची ‘लिहाफ’ आठवा. १९४२ ची उर्दू कथा, एकटी पडलेली बेगम आणि तिची मोलकरीण यांची. त्यावर लाहोरला खटला झाला आणि कोर्टात एकही अश्लील शब्द दाखवता आला नाही, सुटल्या त्या. तरी खरं सांगायचं तर ‘लिहाफ’ माझ्या आवडत्या प्रेमकथांमध्ये नाही, कारण तिच्यात प्रेम कमी आणि बेगमजानचं एकटेपण जास्त आहे, आणि सगळं एका घाबरलेल्या लहान मुलीच्या नजरेतून दिसतं. पण पेटीत मी ती ठेवली होती, कारण धाडस कुठून सुरू झालं ते कळायला पाहिजे.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या मराठी पुस्तकाकडे येते. सचिन कुंडलकरांचं ‘कोबाल्ट ब्लू’, मौजेनं काढलेलं, २००६. तुम्ही वाचलं नसेल तर कृपया वाचा, छोटंसं आहे, दोन दिवसांत होतं. पुण्यातलं एक साधं मराठी घर, आईबाबा, दोन भाऊ, एक बहीण, आणि वरच्या खोलीत पेइंग गेस्ट म्हणून आलेला एक मुलगा. त्या मुलाच्या प्रेमात तनय पडतो आणि त्याची बहीण अनुजाही पडते. पहिला भाग तनयचा, तो त्या मुलाला ‘तू’ म्हणत बोलत राहतो, दुसरा अनुजाचा, डायरीसारखा. आणि तो मुलगा एके दिवशी अनुजाबरोबर निघून जातो. आता बघा काय होतं, सगळं घर अनुजासाठी रडतं, धावपळ करतं, चिडतं, आणि ती परत येते तेव्हा तिच्याभोवती गोळा होतं. तनयचं काय? त्याचं पण तेच प्रेम गेलंय, तोच माणूस गेलाय, पण घरात कोणाला माहीतच नाही म्हणून त्याला शोकसुद्धा करता येत नाही. बहिणीचं दुःख हॉलमध्ये आणि भावाचं वरच्या रिकाम्या खोलीत. मी हे वाचलं तेव्हा सव्वीस वर्षांची होते, माझं नुकतंच ब्रेकअप झालं होतं, चार वर्षं जिच्याबरोबर होते तिचं लग्न झालं होतं आणि मी त्या लग्नाला गेले होते, आहेर केला होता, पंगतीत वाढायला उभी राहिले होते. ऑफिसमध्ये दोन दिवस तोंड सुजलेलं बघून कोणी विचारलं तर मी म्हटलं सायनस. तनयची ती खोली वाचली आणि मला पहिल्यांदा वाटलं की हे माझं जे काय आहे त्याला दुःख म्हणता येतं, त्याचं नाव सायनस नाही.

जेरी पिंटोंनी २०१३ मध्ये त्याचं इंग्लिश भाषांतर केलं आणि मग ते कुठे कुठे पोचलं. २०२२ मध्ये कुंडलकरांनीच सिनेमा केला, नेटफ्लिक्सवर आला, पण गोष्ट केरळात गेली आणि भाषा हिंदी-इंग्लिश झाली. सुंदर दिसतो सिनेमा, पण मला रुखरुख लागली, कारण त्या कादंबरीची सगळी ताकद त्या मराठी घरात होती, त्या बोलण्यात, जे न बोलता चालवून घेतलं जातं त्यात. म्हणून म्हणते पुस्तक ठेवा. सिनेमा मोबाइलवर मिळेल कोणालाही, ते पुस्तक मिळणार नाही.

बिंदुमाधव खिऱ्यांची ‘पार्टनर’ पण होती पेटीत. खिरे म्हणजे ज्यांनी २००२ मध्ये पुण्यात समपथिक ट्रस्ट काढला आणि या विषयावर मराठीत सातत्यानं, कळेल अशा भाषेत लिहिलं. एका वाचनालयात (तुमच्या नाही) मी ‘पार्टनर’ मागितली तर त्यांनी वपुंची आणून दिली. वपुंची मी वाचलीय, पुष्कळदा वाचलीय, पण मला दुसरी हवी होती. दुसरी शेवटी सापडली ती ‘आरोग्य व लैंगिक शिक्षण’ लिहिलेल्या बंद कपाटात, गरोदरपणातल्या आहाराच्या पुस्तकाशेजारी. कादंबरी आहे हो ती. एका मुलाच्या आयुष्याची गोष्ट आहे. एका माणसाचं दुसऱ्या माणसावर प्रेम बसलं तर ती कादंबरी आरोग्याच्या कपाटात कशी जाते? माझी पहिली विनंती हीच आहे, की ही पुस्तकं घेतलीत तर कादंबऱ्यांमध्ये लावा, लेखकाच्या आडनावाप्रमाणे, जशी बाकीची लावता तशी, त्यांचं वेगळं कपाट नको आणि वर ब्राऊन पेपर नको आणि किल्ली तर नकोच नको.

कपाटावरून ‘मॉरिस’ आठवते. ई. एम. फॉर्स्टर, तोच ‘अ पॅसेज टू इंडिया’वाला. १९१२-१३ मध्ये तो हिंदुस्तानात येऊन गेला, देवासला पण गेला, आणि परत गेल्यावर १९१३ मध्ये त्यानं ‘मॉरिस’ लिहायला घेतली, १९१४ मध्ये पूर्ण केली. नंतर १९२१ मध्ये तो देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचा सेक्रेटरी म्हणून राहिला, म्हणजे आपल्या मराठी संस्थानात नोकरी केलेला माणूस आहे हा. तर ‘मॉरिस’ १९१४ मध्ये लिहून झाली आणि छापली कधी गेली? १९७१. तो १९७० मध्ये गेला, त्यानंतर. सत्तावन्न वर्षं ती नुसती जवळच्या लोकांच्या हातात हस्तलिखित म्हणून फिरली. का, तर इंग्लंडमध्ये हा तेव्हा गुन्हा होता आणि फॉर्स्टर एका गोष्टीवर अडून होता, की शेवट सुखाचाच पाहिजे. दुःखाचा केला असता, एकाला फाशी दिली असती किंवा दोघांनी जीव दिला असता तर कदाचित छापताही आली असती! त्यानं नाही केला. शहरातला शेअर दलाल मॉरिस आणि शिकारीच्या जंगलाची राखण करणारा ॲलेक, दोघं सगळं सोडून एकत्र राहायला निघून जातात, आणि मधे तो डॉक्टर, तो संमोहनवाला, बरं करायला निघालेले सगळे मागे पडतात. गोष्ट वाचताना मला सारखं वाटत होतं की हा माणूस पन्नास-साठ वर्षं स्वतःच्या आवडत्या दोघांना सुखात ठेवून होता, पण खणात. जेम्स आयव्हरीचा १९८७ चा सिनेमा पण छान आहे. पुस्तक मला जास्त आवडतं.

आणि मागणीचंच बोलायचं तर पॅट्रिशिया हायस्मिथचं ‘द प्राइस ऑफ सॉल्ट’. १९५२, अमेरिका. खेळण्यांच्या काउंटरवर काम करणारी टेरेस आणि ख्रिसमसच्या खरेदीला आलेली कॅरल. हायस्मिथ स्वतः अशा मोठ्या दुकानात खेळण्यांच्या विभागात काही दिवस काम करत होती, तिथे तिला ही गोष्ट सुचली. स्वतःच्या नावानं छापायची तिची हिंमत झाली नाही, क्लेअर मॉर्गन असं टोपणनाव घेतलं. पुढच्या वर्षी स्वस्त पेपरबॅक आली आणि ती जवळपास १० लाख खपली. दुकानातून पैसे टाकून उचलायची, नाव लिहावं लागत नाही, कोणी विचारत नाही. आणि पत्रं! क्लेअर मॉर्गनच्या नावानं प्रकाशकाकडे गठ्ठे यायचे, छोट्या छोट्या गावांतून, बायकांची आणि पुरुषांची पण, की या गोष्टीत कोणी मरत नाही म्हणून थँक्यू. हायस्मिथनं स्वतः हे नंतर लिहून ठेवलंय. रजिस्टर नव्हतं म्हणून मागणी दिसली, बघा. त्यावरचा ‘कॅरल’ सिनेमा २०१५ चा, केट ब्लँचेट आणि रूनी मारा, शेवटच्या सीनमध्ये गर्दीच्या हॉटेलात दोघींची नजर भेटते, एवढंच, एक शब्द नाही, आणि माझी जोडीदार दर वेळी त्या सीनला माझा हात घट्ट धरते.

बाकीचं भराभर सांगते नाहीतर हे पत्र संपायचंच नाही. दोन पुरुषांच्या प्रेमाचा ‘ब्रोकबॅक माउंटन’ मी एकदाच बघितला आणि परत बघणं जमणार नाही, गेलेल्या प्रियकराच्या कपाटात सापडलेले ते एकात एक अडकवलेले दोन शर्ट. फ्रेंच ‘पोर्ट्रेट ऑफ अ लेडी ऑन फायर’, २०१९, त्यात एक चित्रकार मुलगी आपल्या प्रेयसीच्या पुस्तकाच्या पान २८ वर स्वतःचं चित्र काढून देते आणि वर्षांनी एका प्रदर्शनात त्या बाईचं पोर्ट्रेट दिसतं, हातात पुस्तक, बोट पान २८ वर. वाचनालयवाल्यांनी तर हा सिनेमा बघायलाच पाहिजे. ओनीरचा ‘माय ब्रदर निखिल’, २००५, गोव्याचा, डॉमिनिक डिसोझा या खऱ्या माणसावरून सुचलेला, ज्याला १९८९ मध्ये एचआयव्ही निघाला म्हणून ६४ दिवस डांबून ठेवलं होतं. सिनेमात सगळे सोडून जातात तेव्हा निखिलजवळ त्याचा जोडीदार आणि बहीण राहतात, आणि प्रेम हा शब्द मोठ्यानं न म्हणता ते प्रेम दिसत राहतं. आणि मल्याळम ‘काथल’, २०२३, त्यात मामुट्टीसारखा एवढा मोठा स्टार, सत्तरी ओलांडलेला, पोटनिवडणुकीला उभा असलेला गावातला प्रतिष्ठित माणूस होतो आणि त्याची बायको घटस्फोट मागते कारण तिला माहीत आहे तो कोण आहे. ती खलनायिका नाही, तिला दोघांचीही सुटका हवी आहे. ज्यांना वाटतं ना की लग्न लावून दिलं की होईल सगळं ठीक, त्यांनी तो बघावा, त्यात बायकोचं आयुष्य पण जातं हे कळतं.

एका मराठी माणसाचं नाव मात्र भराभर घेता येणार नाही. प्रा. श्रीनिवास रामचंद्र सिरस. नागपूरकडचे, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायचे, कवी. ‘पायाखालची हिरवळ’ हा त्यांचा संग्रह, महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळालेला. फेब्रुवारी २०१० मध्ये काही माणसं कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसली, ते एका पुरुषाबरोबर होते, आणि मग निलंबन. १ एप्रिलला अलाहाबाद हायकोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. ७ एप्रिलला ते घरात मृतावस्थेत सापडले. हन्सल मेहतांच्या ‘अलीगढ’मध्ये मनोज बाजपेयी ते झालेत, रात्री एकटे बसून हातात ग्लास घेऊन लताबाईंचं गाणं ऐकतात, मधेच स्वतःशी गुणगुणतात. मला ती सुद्धा प्रेमकथाच वाटते, ज्यात दुसरं माणूस येऊन टिकूच दिलं नाही. तुमच्या कविता विभागात सिरसांचं पुस्तक आहे का? मी शोधलं. नाही. मराठीचा प्राध्यापक, मराठी कवी, आणि आपण त्यांना हिंदी सिनेमातून ओळखतो.

काका म्हणाले मुलं येतात. हो, मी पण आले होते. आणि कायद्याचं म्हणाल तर ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून आम्हाला मोकळं केलंय, त्यामुळे अनुदान जाईल, कोणी तक्रार करेल ही भीती खरंच नको. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली आपल्या राज्यात हजारो वाचनालयं सरकारी अनुदानावर चालतात, म्हणजे हजारो गावांमध्ये एकेक खालचा कप्पा आहे. मोठ्या शहरातल्या मुलांकडे पुस्तकांची दुकानं आहेत, फेस्टिव्हल आहेत, २०१० पासून मुंबईत अशा सिनेमांचा ‘कशिश’ महोत्सव भरतो. आपल्या गावात तुम्ही आहात. मोबाइलवर सगळं मिळतं असं म्हणू नका, मोबाइलवर काय मिळतं ते आपल्याला सगळ्यांना माहीत आहे, आणि सोळाव्या वर्षी ते बघून कोणाला हे कळत नाही की दोन माणसं एकमेकांसाठी चहा करतात, भांडतात, आजारपणात उशाशी बसतात.

तुम्ही मुक्तद्वार पद्धत ठेवलीय, वाचकाला आत जाऊन स्वतः पुस्तक घेता येतं, ती बंद करू नका. बसून वाचणाऱ्याला विचारू नका काय वाचतोस म्हणून. आणि जुनी पुस्तकं रद्दीत काढताना चिठ्ठीवर तारखा नाहीत म्हणून ही पहिली काढू नका.

आता शेवटचा सिनेमा, सगळ्यात आवडता, आणि तो मराठी आहे याचा आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही. रोहन कानवडेंचा ‘साबर बोंडं’. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जगभरच्या सिनेमांमधून ग्रँड ज्युरी प्राइझ मिळालं आणि सप्टेंबरमध्ये आपल्याकडे थिएटरला लागला. मी आईला घेऊन गेले. आई बाहत्तर वर्षांची. माझ्याबद्दल तिला नऊ वर्षांपूर्वी सांगितलंय, तिनं तेव्हा रडून घेतलं आणि मग विषय काढला नाही, माझ्या जोडीदारासाठी लोणचं पाठवते दर वर्षी, पण तो विषय नाही. तर आम्ही दोघी बसलो. आनंद मुंबईत कॉल सेंटरमध्ये, वडील जातात, दहा दिवसांच्या सुतकासाठी आईबरोबर गावी जातो, नातेवाईक तिथेही लग्नाचं काढतातच, आणि तिथे त्याचा लहानपणीचा मित्र बाळ्या भेटतो, शेती करणारा. बॅकग्राउंड म्युझिक नाही सिनेमात, नुसते गावाचे आवाज. कोणी कोणाला मारत नाही, पकडत नाही, कोणी जीव देत नाही. आणि आनंदच्या आईला माहीत असतं. ती त्याच्या बाजूनं उभी असते, मोठं भाषण न करता, जशी आई असते तशी. बाळ्या आनंदसाठी निवडुंगाची बोंडं काढून आणतो. काट्यांची फळं, आतून लालभडक.

मी आईकडे बघत नव्हते, हिंमत नव्हती. बाहेर आल्यावर रिक्षात आई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, आमच्या माळावर असायची गं ही, दगडावर घासून काटे काढायचो, खाल्ली की तोंड लाल व्हायचं आणि घरी चोरी पकडली जायची. मी म्हटलं हो का. पुन्हा गप्प. घर आल्यावर उतरताना म्हणाली, तुझी ती पेटी परत का पाठवली गं त्यांनी?

मी सांगितलं, मागणी नाही म्हणाले.

आई तुमची १९८४ पासूनची सभासद आहे. गावी परत गेल्यावर, गेल्या मंगळवारी, ती पुस्तक बदलायला आली होती. काउंटरजवळ दोरीला बांधलेली ती मागणीची वही आहे ना, ती उघडून बघा. आईनं पेटीवरची यादी बरोबर नेली होती आणि सगळी उतरवून काढलीय, ३१ च्या ३१, एक पूर्ण पान आणि पाठचं अर्धं, चष्मा विसरली होती म्हणून अक्षर थोडं मोठं आलंय. पहिलं नाव ‘कोबाल्ट ब्लू’ आहे. खाली तिनं पूर्ण नाव, सभासद क्रमांक लिहून सही केलीय.

मी दिवाळीला येतेय. भाऊबीजेनंतरच्या शनिवारी सकाळी पेटी घेऊन येईन, आई पण येईल, तिला ‘मॉरिस’ची गोष्ट मराठीत सांगायचं मी कबूल केलंय आणि ती म्हणते वाचनालयातच बसू.

आपली नम्र,
बालविभागाची जुनी सभासद